गोल पानांचा दरबार

पत्त्यांचा डाव मांडला की आपण आधी विचारतो, हुकूम कशाचा? गंजिफांच्या डावात हुकूम नसतो. तिथं पहिला प्रश्न वेगळा असतो : आत्ता दिवस आहे की रात्र? दिवस असेल तर ज्याच्या हातात रामाचा राजा आला असेल त्यानं पहिली उतारी करायची. दिवेलागण झाली असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं. राम सूर्यवंशातला, कृष्ण चंद्रवंशातला, इतका साधा हिशोब. आभाळाकडे बघून सुरू करायचा असा पत्त्यांचा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

श्रोत्यांपैकी पुष्कळांनी गंजिफांचं नाव ऐकलं असेल. काहींनी एखाद्या प्रदर्शनात काचेमागे ठेवलेली ती लहान लहान गोल पानं पाहिलीही असतील. आपल्या महाराष्ट्रात ही पानं आजही हातानं रंगवली जातात ती सावंतवाडीला, तिथल्या राजवाड्याच्या दरबारात. म्हणजे एके काळी जिथं संस्थानाचा दरबार भरत असे त्याच दालनात आता चित्रकार मांडी घालून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काम करतात. हे कसं घडलं, त्यातून काय वाचलं आणि काय अजून वाचायचं राहिलं आहे, हे आज सांगायचं आहे. पण त्याआधी हा खेळ आला कुठून, ते पाहू.

गंजीफ हा शब्द फारसीतून आला. हिंदुस्थानातली या खेळाची जुनी नोंद आहे बाबराच्या आत्मचरित्रात. १५२७ साली त्यानं आपल्या एका माणसाबरोबर सिंधमधल्या ठठ्ठ्याला, शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या. शाह हसनला या खेळाचा शौक होता आणि त्यानं त्या मागवल्या होत्या. एवढंच लिहिलं आहे. महिना मात्र रमजानचा. आमच्या घरात पत्त्यांना उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. पत्ते म्हणजे जुगार, अशी अब्बांची सुटसुटीत व्याख्या होती. खुद्द बाबर बादशहानं ऐन रमजानात पत्ते रवाना केले होते हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर एकदा सांगून बघितलं असतं. त्यांनी ऐकलं नसतंच, ती गोष्ट निराळी.

बाबराचा नातू अकबर. त्याच्या दरबारातल्या गंजिफांचं वर्णन अबुल फजलनं 'आईन-इ-अकबरी'त केलं आहे. तिथं बारा रंगांचा, १४४ पानांचा जोड आहे आणि त्यातल्या राजांची नावं आहेत अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती. ग्रंथ फारसी, दरबार मोगलांचा आणि पानांवरच्या राजांची नावं मात्र संस्कृत वळणाची. हा खेळ कुठल्या एका खोलीत, दार लावून वाढला नाही, एवढं यावरून दिसतं. पुढं उलट दिशेनंही हे झालं. 'गंजीफाखेलन' नावाची एक रचना आहे, गिरिधर नावाच्या कवीची, आणि ती आहे संस्कृतात. फारसी शब्दाला संस्कृत पोशाख घालून त्या पंडितानं पत्ते कसे खेळावेत ते सांगितलं. मला त्या गिरिधराचं फार कौतुक वाटतं.

मोगल गंजिफांचा जो जोड सर्वत्र रूढ झाला, तो आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. आठ रंगांची नावं अशी : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, चंग हे एक तंतुवाद्य, किमाश म्हणजे कापडचोपड, माल. सुर्ख म्हणजे लाल, म्हणजे सोन्याचं नाणं. सफेद म्हणजे चांदीचं. गुलाम तर आपल्या नेहमीच्या पत्त्यांत अजून राहिलाच आहे. बरात म्हणजे पैसे देण्याविषयीचा लेखी हुकूम. हीच आपल्या जुन्या मराठी कागदांतली 'वरात'. खजिन्यावर वरात निघे आणि ती घेऊन येणारा तो वरातदार. लग्नाच्या वरातीचा आणि तिचा संबंध नाही, जरी दोन्हींत खर्च एकाच बाजूचा होत असला तरी.

ही आठ नावं पाहिली की कळतं, हा खेळ म्हणजे एका राज्याचा कारभारच आहे. मुकुट आहे, फौज आहे, टांकसाळ आहे, दफ्तर आहे, कोठार आहे, चाकर आहेत आणि संध्याकाळी वाजवायला वाद्यही आहे. प्रत्येक रंगात बारा पानं : एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अशी दहा साधी पानं.

हाच खेळ हिंदू घरांत, मंदिरांच्या गावांत, लहान संस्थानांत पोचला तेव्हा आठ खात्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. राजाच्या पानावर अवतार आणि वजिराच्या जागी प्रधान. मत्स्याच्या रंगाला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू, रामाला बाण, अशा खुणा. ठिकठिकाणी त्या थोड्याफार बदलतात. चित्रं बदलली, पण खेळाचा कायदा बदलला नाही. मोगल गंजिफांत दिवसा डाव सुरू होतो सुर्खपासून, म्हणजे सोन्यापासून, सूर्यापासून. रात्री सुरू होतो सफेदपासून, म्हणजे चांदीपासून, चंद्रापासून. दशावतारात सोन्याच्या नाण्याच्या जागी राम आला आणि चांदीच्या जागी कृष्ण. ज्यानं कुणी हा बदल केला त्यानं नुसती नावं बदलली नाहीत. आतला अर्थ नीट समजून घेऊन बदल केला. भाषांतर करणाऱ्या माणसाला यात किती शहाणपण आहे ते चटकन कळेल.

थोडं विषयांतर करतो. एखाद्या गावी कवितावाचन झालं की हमखास कुणीतरी भेटायला येतं आणि मनापासून म्हणतं, "तुम्ही मुसलमान असून इतकं छान मराठी लिहिता!" कौतुकच असतं ते, राग मानायचं कारण नसतं. पण उत्तर काय द्यावं ते सुचत नसे. आता मी विचारतो, "तुम्ही गंजिफा पाहिल्यात का?" समोरचा गोंधळतो. मग गप्पा सुरू होतात आणि बहुधा चहापर्यंत पोचतात.

सावंतवाडीला हा खेळ अठराव्या शतकात आला असं सांगतात. खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ च्या दरम्यान, तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांकडून राजांना त्याची माहिती झाली आणि त्यांनी आपल्या चितारी कारागिरांकडून तशी पानं करून घेतली, अशी तिथली परंपरा. चितारी म्हणजे लाकडावर रंग आणि लाखेचं काम करणारे लोक. गोव्यात कुंकळ्ळीलाही त्यांचं लाखकाम प्रसिद्ध आहे. देवघरं, पाट, पाळणे, लाकडी फळं, खेळणी रंगवणाऱ्या हातांना गोल पानं रंगवणं अवघड नव्हतं. शिवाय मुलूख दशावताराचा. जत्रेच्या रात्री देवळासमोर गॅसबत्तीच्या उजेडात मत्स्यापासून एकेक अवतार ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना पानावरचा नरसिंह कुणी शिकवावा लागत नाही. ते ध्यान त्यांच्या ओळखीचं.

आता ही पानं बनतात कशी ते सांगतो, कारण त्यातच साऱ्या गोष्टीची मेख आहे.

गंजिफा दोन प्रकारच्या असत. दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी म्हणजे हस्तिदंताच्या, कासवाच्या पाठीच्या, सोन्याचा वर्ख लावलेल्या. बाजार कलम सामान्य माणसासाठी. जुन्या कापडाचे तुकडे एकावर एक चिकटवायचे. चिकटवायला चिंचोक्याची खळ. ते वाळले की वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचं, गोल कापायचं, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. लाखेमुळं पान पाण्याला आणि घामाला दाद देत नाही आणि दुसऱ्या पानावरून सरसर घसरतं. पानाची पाठ एकरंगी ठेवायची, म्हणजे कुठलं पान कुणाकडं आहे याचा मागून सुगावा लागणार नाही. सगळा जोड एका लाकडी पेटीत. पेटीही रंगवलेली, सरकत्या झाकणाची. आता कापडाऐवजी जाड कागदाचा पुठ्ठा आणि तयार रंग वापरतात, पण कुंचला हाताचाच आहे.

आता जरा बेरीज करू. एका रंगात एक ते दहा पानं. एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, तिर्रीवर तीन, असं करत दश्शीवर दहा. एक ते दहाची बेरीज पंचावन्न. म्हणजे मत्स्याच्या रंगातल्या साध्या पानांवरच ५५ मासे. कूर्माच्या रंगात ५५ कासवं. दहा रंगांत मिळून ५५० खुणा. त्याशिवाय दहा राजे, दहा प्रधान आणि प्रत्येक पानाच्या कडेची नक्षी. हे सगळं तळहातावर मावणाऱ्या गोल पानावर. बरं, पंचावन्नावा मासा पहिल्या माशासारखाच दिसला पाहिजे, कारण हे चित्र नुसतं बघायचं नाही, डावात क्षणात ओळखायचं आहे. दुकानात गंजिफांच्या पेटीची किंमत ऐकून भुवया उंचावतात, तेव्हा हे ५५० मनात धरावेत.

किंमत हाच या कलेच्या मुळावर आलेला मुद्दा. युरोपातून छापील बावन्न पत्ते आले. यंत्रावर छापलेले, स्वस्त, हरवले तर दुसरा जोड आणता येईल असे. बावन्न पानं हातात मावतात. गंजिफांत तिघं खेळणार, प्रत्येकाला चाळीस पानं आणि तीही गोल. ती पंख्यासारखी धरायची म्हणजे कसरत. शिवाय नियम किचकट. पाच रंगांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का तळाला, उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी तळाला. आणि कुठलं पान गेलं, कुठलं राहिलं हे सतत ध्यानात ठेवायचं, कारण वरची पानं निघून गेली की साधी सत्तीसुद्धा हात करून जाते. सारा स्मरणशक्तीचा खेळ. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात स्वतः नवे जोड रचले, त्यातला सर्वांत मोठा ३६० पानांचा. राजाला वेळ असतो. इतरांनी बावन्न पत्ते उचलले आणि मेंढीकोट खेळायला बसले, यात नवल नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा रंगवणारे जवळजवळ उरले नव्हते. चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी विकली जात होती. मुंबईच्या घराघरांतल्या काचेच्या कपाटात सावंतवाडीचा लाकडी आंबा आणि केळ्यांची फणी असे. पण गंजिफांना गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी संस्थानाचे शेवटचे अधिपती शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलीक चितारी या वयोवृद्ध कारागिराला गाठलं. त्यांनी त्यांना नुसतं काम दिलं नाही, तर त्यांच्याकडून स्वतः ही कला शिकून घेतली. मला या गोष्टीतला हाच भाग मोठा वाटतो. आश्रयदाते पुष्कळ होऊन गेले. आश्रिताचा शिष्य होणारे थोडे. राणीसाहेबांनी हातात कुंचला धरला आणि शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. २०१८ साली त्यांचं निधन झालं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था उभी केली आणि राजवाड्यातला दरबार कारागिरांसाठी उघडला. त्याच सुमारास मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन हे कलासमीक्षक गंजिफांच्या मागे लागले होते. हिटलरच्या काळात जर्मनी सोडून मुंबईला आलेला हा माणूस. आपल्या आधुनिक चित्रकारांना त्यानं मोठा आधार दिला हे कलाजगताला ठाऊक आहे, पण त्याचं दुसरं वेड म्हणजे ही गोल पानं. देशभर हिंडून त्यानं ती जमवली. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफांचं प्रदर्शन झालं, तेव्हाचा ग्रंथ त्याचाच. जगाला या खेळाची ओळख झाली ती बरीचशी त्याच्यामुळं.

संस्थेनं नेमकं केलं काय? दिसायला गोष्टी साध्या आहेत. बसायला जागा दिली. साहित्य पुरवलं. नमुन्याला जुने जोड समोर ठेवले. तयार झालेला माल विकायला तिथंच एक खिडकी उघडली. आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कामाला पडदा घातला नाही. मोती तलावासमोरच्या जांभ्या दगडाच्या वेशीतून आत गेलात, तिकीट काढलंत की दरबारात एका बाजूला सिंहासन आणि दुसऱ्या बाजूला बैठ्या मेजांवर वाकलेली माणसं दिसतात. जवळ जाऊन उभं राहता येतं. बोलता येतं.

मी गेलो होतो तेव्हा एक बाई कूर्माचा रंग करत होत्या. पानं ओळीनं मांडलेली, काहींवर नुसती हिरवी गोल अंगं, पाय-डोकं अजून यायचं होतं. मी विचारलं, "ताई, मासा लवकर होतो की कासव?" त्या आधी प्रमाण भाषेत बोलत होत्या. मीही कोकणातलाच असं कळल्यावर हसून म्हणाल्या, "मासो बेगीन जाता, काकानू. कासवाक येळ लागता. तेच्या पाठीवरची जाळी बारीक." कुंचल्याची दोन-तीन केसांची टोकं त्या पाठीवरून फिरत होती. शेजारी मुंबईचं एक कुटुंब उभं होतं. त्यातले गृहस्थ मघाशी विक्रीच्या खिडकीपाशी दोनशे रुपये कमी करा म्हणून घासाघीस करत होते. ते पाचेक मिनिटं गप्प उभे राहिले. एक कासव पुरं झालेलं त्यांनी पाहिलं. मग परत गेले आणि काही न बोलता पैसे मोजले.

उघड्या कामाचा हा पहिला फायदा. वस्तूत गेलेला वेळ गिऱ्हाइकाला दिसतो. आपल्याकडे हस्तकलेला मरण येतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी, की माणूस हाताच्या वस्तूची किंमत यंत्राच्या वस्तूशी ताडून पाहतो, कारण हात त्यानं पाहिलेलाच नसतो. दुकानाच्या फळीवर दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवा, एक छापील, एक रंगवलेली. दहा हात लांबून फरक कळणार नाही. दरबारात तो सांगावा लागत नाही.

दुसरा फायदा शिकण्याचा. पूर्वी हे काम चितारी घरातच राही. बापाकडून मुलाकडं. मुलानं नोकरी धरली की संपलं. दरबारात मात्र गावातली, इतर समाजांतली माणसं येऊन शिकली आणि त्यात बायका पुष्कळ. कला जातीच्या कुंपणाबाहेर आली म्हणून ती टिकली, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला ते परंपरेत ढवळाढवळ वाटेल. मग मी विचारीन की एका घरात बंद करून ठेवलेली परंपरा अखेर एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांवर येऊन उभी राहिली होती, ते बरं होतं का?

पण त्याच ताईंना मी निघता निघता विचारलं, "तुम्ही खेळता का कधी?" त्या म्हणाल्या, "रंगवूक येता, खेळूक येणा नाय. आणि खेळतलंय कोणावांगडा?" खेळणार तरी कुणाबरोबर! हे वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

खरंच आहे. पानं वाचली, पण खेळ वाचला नाही. जो जोड विकला जातो तो चौकटीत बसतो, भिंतीवर टांगला जातो, परदेशातल्या पाहुण्याला भेट दिला जातो. इतक्या किमतीची पानं सतरंजीवर टाकून पिसायला कुणाचं मन होणार? आणि जे पान कधी हातातून उतरत नाही, ते पान राहत नाही. ते लहान आकाराचं चित्र होतं. मग चित्रकारालाही हळूहळू वाटू लागतं की नऊ मासे आणि दहा मासे झटकन ओळखू आले नाहीत तरी चालेल, नक्षी भरगच्च दिसली म्हणजे झालं. मासे ओळखायची गरज खेळणाऱ्याला असते, टांगणाऱ्याला नसते. खेळ गेला की चित्राची शिस्तही मागोमाग जाते, अशी भीती मला वाटते. बंगालमध्ये विष्णुपूरला दशावतारी पानं अजून रंगवतात, ओडिशात रघुराजपूरला गंजपा करतात. ओडिशात हा खेळ खेळणारी वयस्कर मंडळी अजून भेटतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आपल्याकडे ती फार थोडी.

घरी परतल्यावर मी एक उद्योग केला. कपाटात लग्नपत्रिका साठल्या होत्या. मुसलमानांची लग्नं, हिंदूंची लग्नं, सगळ्यांचा पुठ्ठा सारखाच जाड. औषधाच्या बाटलीचं रुंद झाकण ठेवून पेन्सिलीनं गोल काढले आणि १२० चकत्या कापल्या. कापायला तीन संध्याकाळी लागल्या. मला चित्र काढता येत नाही, म्हणून प्रत्येकीवर अक्षर आणि आकडा घातला. मत्स्याला 'म', कूर्माला 'कू', परशुरामाला 'प', कृष्णाला 'कृ'. मग दोन गडी जमवले. एक आमच्या गावचे निवृत्त पोस्टमास्तर, दुसरे भजनी बुवा. पहिला डाव संध्याकाळी सुरू झाला. दिवे लागलेले, म्हणून कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी. तो निघाला माझ्याकडं. बुवा म्हणाले, "घ्या! जन्मभर अभंग आम्ही म्हणायचे आणि कृष्ण तुमच्या हातात." त्या दिवशी डाव पुरा व्हायला तीन तास लागले, कारण कुठल्या रंगात एक्का मोठा आणि कुठल्यात लहान यावरून दर दहा मिनिटांनी तंटा. आता तासाभरात होतो. पोस्टमास्तरांची स्मरणशक्ती भयंकर आहे. चाळीस वर्षं पिनकोड पाठ केलेला माणूस, त्याला १२० पानं म्हणजे काहीच नाही.

या लग्नपत्रिकांच्या जोडावरून मला सुचलेली गोष्ट सांगतो. रंगवलेल्या पेटीबरोबर एक स्वस्त, छापील, खेळायचा जोडही हवा. पाच-पन्नास रुपयांत मिळेल असा, मळला तरी हळहळ वाटणार नाही असा. त्यानं हाताच्या कामाचं गिऱ्हाईक कमी होईल अशी शंका कुणी घेईल. मला उलट वाटतं. ज्याला खेळाची गोडी लागली, तोच कधीतरी पैसे साठवून हाताचा जोड घ्यायला सावंतवाडीला जाईल आणि त्याला मासा नि कासव यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागणार नाही. आणि दरबारात जसं रंगकाम सगळ्यांसमोर चालतं, तसा एका कोपऱ्यात सतरंजी टाकून दिवसातून एखादा डावही मांडावा. तिघांची गरज, चौथा बघणारा आपोआप येतो. शाळांच्या सहली तिथं येतात. मुलांना दहा अवतार, उलटसुलट क्रम आणि पाठांतर हे तिन्ही एका डावात मिळेल आणि ती मोबाइल खिशात ठेवतील की नाही ते मी छातीठोकपणे सांगत नाही, पण तासभर विसरतील एवढं नक्की.

सावंतवाडीच्या गंजिफांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे इतर कुणी कुठंही छापून त्यांना सावंतवाडीच्या गंजिफा म्हणून विकू नये, अशी कायद्याची तजवीज झाली. चांगलंच झालं. त्या मानांकनात गावाचं नाव आहे. जुन्या काळच्या जोडांवर रंगवणाऱ्याचं नाव बहुधा सापडत नाही. एखाद्या पेटीच्या तळाशी, झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात का होईना, ते यायला काय हरकत आहे? आम्ही कवी तर चार ओळींखाली नाव घातल्याशिवाय कागद हातातून सोडत नाही.

सावंतवाडीला गेलात तर सकाळच्या वेळी जा, उजेड चांगला असतो आणि गर्दी कमी. खरेदी मागाहून करा. आधी कुणा एकाच्या मेजाशी बसा आणि एक पान कोऱ्यापासून पुरं होताना बघा. राजाचं नको, साधं एखादं, कासवाची सत्ती किंवा अठ्ठी. आणि विचारा, आत्ता डाव मांडला तर उतारी कुणाची?